जुन्या चेतकला डिस्क ब्रेक: होज कसा निवडाल?

१९७२ साली आलेल्या बजाज चेतकचे ब्रेक ड्रमचे, केबलने चालणारे. आता काही हौशी मालक पुढच्या चाकाला डिस्क बसवतात. तेव्हा लिव्हरचा जोर कॅलिपरपर्यंत नेतो तो होजमधल्या, म्हणजे लवचिक नळीतल्या, ब्रेक ऑइलचा दाब. म्हणून होजची निवड हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे.

साधा रबरी होज स्वस्त, पण काही वर्षांनी तडकतो आणि दाबाखाली किंचित फुगतो, त्यामुळे लिव्हर मऊ लागतो. आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची जाळी असलेला होज फुगत नाही. मात्र जाळी रंग खरवडते, म्हणून वर प्लास्टिकचे आवरण हवेच. मीरा-भाईंदरच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत जोड लवकर गंजतात. तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

लांबी मोजताना हँडल दोन्ही टोकांना वळवा, सस्पेन्शन पूर्ण दाबा आणि पूर्ण सोडा. होज कुठेही ताणला, पिळला किंवा टायरला घासला जाता कामा नये. होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, म्हणजे बँजो बोल्टच्या, आट्यांचे माप जुळवा: १० मिमी बोल्टमध्येही १.० आणि १.२५ असे दोन पीच मिळतात. बोल्टच्या डोक्याखाली आणि होजच्या जोडाखाली तांब्याचा एकेक वॉशर, दरवेळी नवा.

शेवटी मास्टर सिलिंडरवर लिहिलेल्या ग्रेडचेच ऑइल भरून एअर काढा. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतला ओलावा शोषतात, म्हणून उघडी बाटली पुन्हा वापरू नका. सांडलेले ऑइल रंग खाते. लगेच पाण्याने धुवा. लिव्हर घट्ट धरून गळती तपासल्याशिवाय स्कूटर रस्त्यावर आणू नका.