विश्लेषण : तेराव्या वर्षी जहाजावर, सोळाव्या वर्षी मोहिमेवर! इंग्रजी ‘शूर पोरां’च्या गोष्टींत मराठे खलनायक कसे झाले?

‘मास्टर अँड कमांडर’ हा 2003 सालचा चित्रपट पाहिला असेल, तर त्यातला सोनेरी केसांचा पोरगा आठवत असेल. मिसरूड फुटलेलं नाही, पण अंगावर ब्रिटिश नौदलाचा गणवेश. सुरुवातीच्याच चकमकीत त्याचा हात कापावा लागतो आणि तरीही शेवटच्या लढाईत तो पुढे असतो. बघताना वाटतं, हे जरा जास्तच फिल्मी झालं. पण ही कल्पना चित्रपटवाल्यांची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा पोरांच्या गोष्टींची मोठी बाजारपेठ होती. त्यातल्या एका गोष्टीचा नायक तर मराठी मुलगा म्हणून वाढतो.

मुलं खरंच लढायला जायची का?

हो, जायची. नेल्सन 1771 मध्ये जहाजावर चढला तेव्हा अवघ्या 12 वर्षांचा होता. यामागे साधं गणित होतं. समुद्रावर सहा वर्षं काढल्याशिवाय लेफ्टनंटच्या परीक्षेला बसता येत नसे. त्यामुळे विशीच्या आत अधिकारी व्हायचं तर तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात करावी लागे. बापाची कुणा कॅप्टनशी ओळख असली की पोराला ‘मिडशिपमन’ म्हणून घेतलं जाई. गरिबाघरची पोरं तळातल्या कोठारातून तोफांपर्यंत दारू पोचवत.

ईस्ट इंडिया कंपनीतही फार वेगळं नव्हतं. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज ज्याच्या नावाने आहे, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन भारतात आला तेव्हा 16 वर्षांचा होता. तो मुलकी नोकरीतला, तरी 1803 मध्ये असईच्या रणांगणावर तो वेलस्लीसोबत हजर होता. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

मग या गोष्टी लिहिल्या कुणी?

पहिलं मोठं नाव कॅप्टन मॅरियटचं. 1806 मध्ये, चौदाव्या वर्षी तो लॉर्ड कॉक्रन यांच्या जहाजावर भरती झाला. याच कॉक्रनवरून पुढे ‘मास्टर अँड कमांडर’चा नायक बेतला गेला. मॅरियटने ‘मिस्टर मिडशिपमन ईझी’ (1836) लिहिलं ते पाहिलेलं, भोगलेलं होतं. तपशिलाबाबत गडी इतका काटेकोर की, ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ची पुढची गोष्ट लिहा असा घरच्या मुलांनी हट्ट धरल्यावर त्या पुस्तकातल्या जहाजाच्या आणि भूगोलाच्या चुका पाहून तो वैतागला आणि त्याने स्वतंत्र कादंबरीच लिहिली.

सगळेच असे नव्हते. ‘कोरल आयलंड’ लिहिणारा बॅलंटाइन पॅसिफिकला कधी गेलाच नव्हता. इंग्लंडच्या दुकानात जसा नारळ मिळतो तसाच तो झाडावर लागतो, अशा समजुतीने त्याने वर्णन केलं. सोडणाशिवायचा नारळ! कोकणातलं शाळकरी पोरही ही चूक पकडेल. बॅलंटाइनला त्याची लाज वाटली आणि पुढच्या पुस्तकांसाठी तो जागेवर जाऊन माहिती घेऊ लागला.

हेन्टीचा फॉर्म्युला काय होता?

1870 च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये वाचणारी मुलं झपाट्याने वाढली. शाळेत, रविवारच्या धर्मवर्गात बक्षीस म्हणून पुस्तकं वाटली जाऊ लागली. ही मागणी ज्यांनी भागवली त्यांत जी. ए. हेन्टी सगळ्यात पुढे. क्रिमियन युद्धात नोकरी केलेला, नंतर ‘स्टँडर्ड’ या दैनिकाचा युद्धवार्ताहर झालेला हा माणूस. पुस्तकं सुमारे 120. बहुतेक त्याने लेखनिकाला तोंडी सांगितली.

साचा ठरलेला असे. पंधरा-सोळा वर्षांचा, शक्यतो पोरका इंग्रज मुलगा. प्रामाणिक, धडधाकट, फार हुशार नाही. तो एखाद्या खऱ्या युद्धात सापडतो, वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरतो, खऱ्या सेनापतीची मर्जी संपादतो आणि शेवटी पैसा-पद मिळवून घरी परततो. मधेमधे लढाईची पानंच्या पानं, ती लष्करी इतिहासाच्या ग्रंथांतून उतरवलेली. तारखा, रेजिमेंट, तोफांची संख्या असा सगळा तपशील. खरी मेख इथे आहे. तपशील तपासला तर बरोबर निघायचा, म्हणून मुलं बाकीच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवायची. कोण शूर, कोण दगाबाज, कुणी राज्य करायचं हेही त्या तारखांसोबतच डोक्यात जात असे.

मराठ्यांवरचं पुस्तक कोणतं?

‘अॅट द पॉइंट ऑफ द बायोनेट’. हेन्टीच्या अखेरच्या काळातलं. तान्हा हॅरी लिंडसे पोरका होतो आणि त्याची मराठी दाई त्याला आपल्या माणसांत नेते. कातडीला रंग लावून त्याला मराठी मुलगा म्हणून वाढवते. मोठा झाल्यावर तो कंपनीचा अधिकारी होतो आणि त्याची मराठी भाषा हेच त्याचं सर्वांत मोठं हत्यार ठरतं. म्हणजे ज्या बाईने जीव वाचवला, तिची बोली तिच्याच लोकांविरुद्ध कामी येते. हेन्टीला यात काही खटकलेलं दिसत नाही. दाई स्वामिनिष्ठ, हॅरी कर्तबगार, मराठे लुटारू आणि कंपनीचं राज्य आलं ते रयतेचं भलं, असा एकूण सूर.

आता असईची लढाई प्रत्यक्षात पाहा. 23 सप्टेंबर 1803, आजचा जालना जिल्हा. शिंद्यांच्या कवायती कंपूंचं नेतृत्व पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे. त्यांच्या तोफांनी असा मारा केला की वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. ही लुटारूंची टोळी नव्हती. आणि ‘इंग्रजांच्या’ फौजेत बहुसंख्य होते मद्रासचे देशी शिपाई. त्यांच्यातल्या सोळा वर्षांच्या पोरावर हेन्टीने पुस्तक लिहिलं नाही.

इकडे मराठीत काय सुरू होतं?

योगायोग असा की हेन्टीचा धंदा जोरात होता त्याच दशकात पुण्यात हरि नारायण आपटे ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘उषःकाल’ क्रमशः लिहीत होते. तिथेही तरुण नायक, किल्ले, वेषांतरं, गुप्त निरोप. फक्त बाजू उलटी! विजापूरच्या चाकरीतल्या घराण्यातला मुलगा शिवाजी महाराजांकडे ओढला जातो. आपट्यांनी हेन्टीला उत्तर म्हणून हे लिहिलं असं म्हणता येणार नाही, पण त्या दशकातल्या मराठी मुलापुढे दुसरी गोष्ट होती, हे खरं.

इंग्लंडमध्ये उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. 1916 च्या जटलंडच्या लढाईत जॅक कॉर्नवेल हा 16 वर्षांचा पोरगा जबर जखमी होऊनही तोफेपाशी उभा राहिला आणि दोन दिवसांनी गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात स्वतः नौदलात लढलेल्या विल्यम गोल्डिंगने 1954 मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ लिहिली. बेटावर अडकलेली मुलं, नावंही ‘कोरल आयलंड’मधलीच, राल्फ आणि जॅक. पण ही मुलं एकमेकांचे जीव घेतात.

आज ही पुस्तकं कुठे आहेत?

तुमच्या हातातल्या फोनवर. कॉपीराइट संपल्याने मॅरियट, बॅलंटाइन, हेन्टी हे तिघेही ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर फुकट वाचता येतात. अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या काही कुटुंबांत हेन्टी आजही इतिहासाचं पुस्तक म्हणून दिला जातो. वाचायला सुरुवात करायची तर मॅरियटपासून करावी, तो हसवतो तरी. हेन्टीचं मराठ्यांवरचं पुस्तक उघडलंत, तर लढायांच्या वर्णनापेक्षा त्या दाईवर लक्ष ठेवा. तिचं नाव सोयरा.