किशोरवय आणि दुसऱ्याचं सुख

मानसशास्त्रात स्वभावाची पाच अंगं मानतात. त्यातलं एक म्हणजे मिळतंजुळतं घेणं, दुसऱ्याची कदर करणं. किशोरवयाच्या सुरुवातीला ते बहुधा थोडं ओसरतं, पुढे पुन्हा वाढतं. तेव्हा आठवीतल्या पोराला लगेच ‘अप्पलपोटा’ ठरवू नये. शिवाय दुसऱ्याची कदर करण्यात सवयीचाही वाटा असतोच. ही सवय कशी लागते ते पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, राबत, एका पंगतीला बसत. अशा पंगतीत शेजारच्या ताटाकडे आपसूक लक्ष जातं; मूल्यशिक्षणाच्या तासाला ते कुठून जमणार! या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही.