केपटाउनचे जुने पत्ते

आमच्या वडिलांचा जुना पासपोर्ट घरात अजून जपून ठेवलेला आहे. दक्षिण आफ्रिका वगळून इतर देशांसाठी तो ग्राह्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार तोडला होता; राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली. त्यामुळे केपटाउनला जायचे ठरले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सांगून टाकले, "डोंगर आणि पेंग्विन पाहायला दोन दिवस पुष्कळ झाले. एक दिवस माणसांसाठी ठेवा."

त्या एका दिवसासाठी आम्ही एका वाटाड्याची सहल ठरवली. सकाळी आठाच्या ठोक्याला एक छोटी गाडी दारात उभी राहिली आणि तीतून सत्तरी ओलांडलेले एक सडसडीत गृहस्थ उतरले. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'बूटा' म्हणतात; आपले 'दादा' समजा. दिवसभर आम्ही त्यांना बूटाच म्हणत होतो.

पहिला मुक्काम गुलामांच्या कोठीचा. डच ईस्ट इंडिया कंपनीने ही इमारत १६७९ साली आपले गुलाम कोंडण्यासाठी बांधली. हे गुलाम कोठले? मादागास्करचे, मोझांबिकचे, जावा-सुमात्राकडचे, आणि आपलेही! 'व्हान बेंगालेन', 'व्हान मलबार' अशी नावे तिथल्या जुन्या कागदांत सापडतात. माणसाचे मूळ नाव पुसायचे आणि मागे मुलखाचे नाव चिकटवायचे, अशी ती रीत. कित्येकांना तर महिन्यांचीच नावे दिली. 'सप्टेंबर' आणि 'फेब्रुवारी' ही केपटाउनात आजही आडनावे आहेत.

तिथून हाकेच्या अंतरावर, कोर्टाच्या एका इमारतीबाहेर दोन बाके आहेत. एकावर 'फक्त गोऱ्यांसाठी', दुसऱ्यावर 'फक्त गोरेतरांसाठी' असे लिहिलेले. बाके आठवणीसाठी मांडलेली आहेत, पण इमारत अस्सल! १९५० साली लोकसंख्या-नोंदणीचा कायदा झाला आणि प्रत्येक माणसाची जात सरकारदप्तरी ठरू लागली. शंका असेल त्याची सुनावणी इथे होई. केसांत पेन्सिल खोचायची आणि ती गळून पडते की अडकते यावरून मनुष्य कोण हे ठरवायचे, असाही प्रकार चाले. एकाच आईच्या दोन मुलांना दोन वेगळे वर्ण मिळाले, म्हणजे शाळा वेगळी, वस्ती वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा. सौ. बाकावर टेकणार होत्या. पाटी वाचून उभ्याच राहिल्या.

आता थोडे गोड. बो-काप ही मुसलमान वस्ती चढावावर आहे. घरे हिरवी, गुलाबी, पिवळी. आपल्याकडच्या दिवाळीतल्या रांगोळीच्या वाट्या मांडाव्यात तशी. १७९४ साली स्थापन झालेली, देशातली सर्वांत जुनी मशीद इथलीच. या वस्तीच्या मदरशांत मुले आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहीत. ज्या भाषेची शाळांत सक्ती झाली म्हणून १९७६ साली सोवेटोची मुले रस्त्यावर आली आणि गोळ्यांना बळी पडली, त्या भाषेच्या सुरुवातीच्या लेखनात गुलामांच्या वंशजांचा हात आहे. राज्यकर्त्यांना हे आवडण्यासारखे नव्हतेच!

एका घरी 'कुसिस्टर' खाल्ला. मऊ तळलेला गोळा, आत वेलची, दालचिनी, बडीशेपेचा वास, वरून पाक आणि खोबऱ्याचा कीस. सौ.नी लगेच कृती विचारली. पाकात सुकवलेली संत्र्याची साल घालायला विसरू नका, असे घरच्या बाईंनी दोनदा बजावले.

मग डिस्ट्रिक्ट सिक्स. दिवस खरा इथेच सरला म्हणायचा.

१८६७ साली शहराचा हा सहावा विभाग झाला. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, गोदीचे मजूर, ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, आफ्रिकी, भारतीय असे सारे इथे दाटीने नांदत होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने जाहीर केले की हा भाग यापुढे गोऱ्यांचा. नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत साठ हजारांहून अधिक लोकांना उचलून शहराबाहेरच्या रेताड माळावर टाकले, आणि मागे घरांवर बुलडोझर फिरवले. देवळे-मशिदी तेवढ्या राखल्या.

तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये १९९४ पासून संग्रहालय आहे. जमिनीवर साऱ्या विभागाचा भला मोठा नकाशा, आणि त्यावर उठवलेल्या रहिवाशांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे. कोण कुठे राहत होते, दुकान कोणाचे, शाळा कुठली! वर गल्ल्यांच्या मूळ पाट्या टांगल्या आहेत. पाडकामावरच्या एका माणसाने त्या फेकून न देता वर्षानुवर्षे घरी सांभाळल्या होत्या.

नूर इब्राहिम यांचे घरही या नकाशावर आहे. त्यांचे आजोबा सुरतेहून आलेले. नूर यांना कबुतरांचा नाद. नव्या वस्तीत गेल्यावर त्यांनी कबुतरे तीन महिने खुराड्यात ठेवली आणि मग सोडली. संध्याकाळी एकही परतले नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या वाटेने जाताना पाहतात तो पाडलेल्या घराच्या मोकळ्या जागेवर सारी कबुतरे बसलेली! त्यांनी हे पुस्तकात लिहून ठेवले आहे.

बूटांनी ही गोष्ट सांगितली, चपला काढल्या आणि नकाशावरून चार पावले चालून एका कोपऱ्यावर उभे राहिले. "इथे आमचा जिना होता," एवढेच म्हणाले. ते तेव्हा अकरा वर्षांचे होते.

बाहेर आलो तर जवळच सिटी हॉल. ११ फेब्रुवारी १९९० रोजी, म्हणजे त्या हुकमाला बरोबर चोवीस वर्षे झाली त्या दिवशी, तुरुंगातून सुटलेले मंडेला याच्या सज्जातून बोलले. आणि आपले नामदार गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी याच शहराच्या बंदरात उतरले होते. तिकडच्या सरकारने त्यांना प्रवासाला रेल्वेचा खास सलून दिला, इतर हिंदी माणसांवरचा तीन पौंडांचा कर मात्र १९१४ पर्यंत तसाच राहिला. पाहुण्याला मखमल आणि त्याच्या भावंडांना दंड!

दुपारी लांगा. तिथे बूटा मागे बसले आणि लांगाचाच एक तरुण पुढे झाला. हे मला फार योग्य वाटले. गरिबांची घरे काचेआडून दाखवणाऱ्या सहली निघतात, त्यांत मी बसणार नाही. पण घरचा माणूस बोलवीत असेल तर नाही का म्हणावे? ही वस्ती १९२७ सालची. महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेही याच साली. वेगळी वस्ती आणि वेगळा पाणवठा यांसाठी आपल्याला परदेशी जायची गरज नव्हती, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

तरुणाने आम्हाला खोसा भाषेतले चटकारे शिकवले. एक तर आपण हळहळताना 'च्च्' करतो तोच. दुसरा बैल हाकताना करतो तो. सौ.ना दोन्ही पहिल्या झटक्यात जमले, मला तिसराही जमला नाही. मग पास तपासण्याची जुनी कचेरी पाहिली. काळ्या माणसाने शहरात फिरताना पासबुक जवळ बाळगलेच पाहिजे, नाहीतर कोठडी. हा जाच १९८६ पर्यंत चालला. लोक त्या पुस्तकाला 'डॉमपास' म्हणत, म्हणजे मूर्ख पास. ३० मार्च १९६० रोजी या पासांविरुद्ध सुमारे तीस हजार लोक लांगाहून शहरात चालत गेले. पुढे होता तेवीस वर्षांचा विद्यार्थी फिलिप खोसाना, अर्ध्या चड्डीत. मंत्र्यांची भेट घालून देऊ, असे पोलिसांनी वचन दिले. त्याने जमाव शांतपणे परत नेला. संध्याकाळी भेटीला गेला तो अटकेतच पडला.

परतीचा रस्ता डोंगराच्या कडेने जातो. मोर्चा गेला तोच हा रस्ता, आणि २०१७ पासून त्याला खोसानाचे नाव आहे. खाली डिस्ट्रिक्ट सिक्सचा उतार दिसतो. थोडी नवी घरे, कॉलेजच्या इमारती, आणि बाकी पुष्कळसे नुसते गवत. गोऱ्यांची वस्ती तिथे उठलीच नाही. दावे मंजूर झालेल्यांपैकी काहींना २००४ पासून घरे मिळू लागली, काहींनी पैसे घेतले, कित्येक वाट पाहताहेत.

"तुमचे काय झाले?" सौ.नी विचारले.

"धाकट्या भावाने पैसे घेतले," बूटा गाडी सावकाश करीत म्हणाले. "बहिणीने घर मागितले आहे. ती आता शहाऐंशीची आहे. जिने नसलेले द्या, असे तिने अर्जात लिहिले आहे."