रताळ्याची परीक्षा

एकादशीला आपण रताळी उकडून खातो. आपल्याला ते उपासाचे खाणे. पण आफ्रिकेत युगांडा, रवांडा, मोझांबिक या देशांत गोरगरिबांचे पोट रताळ्यावर चालते. तिथे बहुतेक बायाच रताळी लावतात, खणतात आणि शिजवतात.

तिथली जुनी रताळी आतून पांढरी. त्यांनी पोट भरते, पण 'अ' जीवनसत्त्व मिळत नाही. ते कमी पडले की लेकरांना रात्रीचे दिसेनासे होते. फारच कमी पडले तर डोळे कायमचे जातात. नारिंगी रताळ्याने ही उणीव भरून निघते. सव्वाशे ग्रॅमचे एक उकडलेले रताळे लहान मुलाला दिवसभर पुरते.

तुम्ही म्हणाल, मग नारिंगी वाण आणा आणि लावा! पण बाहेरून आणलेली नारिंगी रताळी पाणचट लागत. तिथल्या लोकांना कोरडे, पिठूळ रताळे आवडते. शिवाय वेलांवर रोग पडे. उन्हाळ्यात वेल वाळून जात आणि पुढे लावायला बेणेच उरत नसे.

म्हणून नवे वाण तिथल्याच मातीत तयार करावे लागले. दोन वाणांचा संकर करून बी धरतात. प्रत्येक बीचा वेल निराळा निघतो. हजारो रोपांतून नापास काढता काढता चार-दोन उरतात. या कामाला पूर्वी सात-आठ वर्षे लागत. पुढे शास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षापासूनच अनेक ठिकाणी लागवड करून हा काळ निम्म्यावर आणला. मोझांबिकात मारिया आंद्रादे यांच्या खटपटीने २०११ साली पाण्याचा ताण सोसणारे १५ वाण शेतकऱ्यांना मिळाले. युगांडात रॉबर्ट म्वांगा यांनी असेच काम केले. २०१६ साली या दोघांना, आणखी दोघांसह, जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

या कामाला पैसा लागतो. मजुरी, पगार, गावोगाव जाण्याचे भाडे, सगळे आलेच. म्हणून कोणी विचारील, सरकारी शेतावर पास झालेला वाण शेतकऱ्याच्या रानात पुन्हा कशाला तपासायचा?

त्याला कारण आहे. सरकारी शेतात मशागत चोख असते. बाईच्या रानात जमीन हलकी, तण फार, पाऊस लहरी. आणि चव कळते ती चुलीवरच.

ही तपासणी स्वस्तात करण्याची एक युक्ती आहे. प्रत्येक घरी तीनच वाणांचे वेल द्यायचे, नावे न सांगता. त्या घराने एवढेच सांगायचे: सर्वांत चांगला कोणता आणि सर्वांत वाईट कोणता. पुष्कळ घरांची उत्तरे एकत्र केली की खरा वाण कळतो. साहेबांच्या खेपा वाचतात, खर्चही वाचतो. घाना आणि युगांडात उकडलेल्या रताळ्यांची चव लोकांकडून अशीच पारखून घेतली आहे. इथे परीक्षकाला लिहिता-वाचता आलेच पाहिजे असे नाही. पारख असली म्हणजे झाले.

वाण चुकला तर कचेरीच्या वहीत थोडा तोटा लिहिला जातो. त्या बाईचा मात्र सबंध हंगाम बुडतो, आणि तिची पोरे उपाशी राहतात. म्हणून तपासणीचा पैसा वाया गेला असे समजू नये. आपल्या गावात कोणी नवे बी घेऊन आले, तर आपणही आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे. मगच सारे रान त्याच्या हवाली करावे.