साक्षर आणि राक्षस

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या आमच्या नातवाने श्रीगोंद्याच्या घरी एके रात्री एक जुना बोलपट लावला. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला, १९८६ सालचा ‘माफीचा साक्षीदार’. सूनबाई मध्येच उठून गेल्या. आम्ही मात्र शेवटपर्यंत बसून राहिलो, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

त्या कथेमागील घटना कल्पित नव्हे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे कोणी उपाशी दरोडेखोर नव्हते. अभिनव कला महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरील एका घरात पाच जीव गेले. त्या घरचे वडील पुरुष म्हणजे काशिनाथशास्त्री अभ्यंकर. ज्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ साली बडोद्यास निघाला व ज्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणिले, तेच हे. विद्येचे असे घर विद्यार्थ्यांच्याच हातून उजाड व्हावे, याहून दारुण ते काय!

आम्ही त्या वेळी शाळेत होतो. गावातील जी मुले पुण्यास शिकत, त्यांच्या आईबापांस पत्र येईपर्यंत अन्न गोड लागत नसे. पुढे टोळीतील एकास माफी देऊन त्याची साक्ष घेण्यात आली, आणि चौघांना १९८३ साली येरवड्यास फाशी झाली.

बोलपटातील म्होरक्या नाना पाटेकर यांनी उभा केला आहे. आम्हांस भय वाटले ते त्याच्या क्रौर्याचे नव्हे, तर सोबत्यांच्या दुबळेपणाचे. एकाने वेळीच ‘नाही’ म्हटले असते तर? पण तसे म्हणावयास त्यांना कोणी शिकविले होते काय?

येथे आम्हांस आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९४८ चा ‘रोप’ हा बोलपट आठवतो. त्यात दोन सुशिक्षित तरुण केवळ स्वतःच्या बुद्धीच्या घमेंडीने एका मित्राचा गळा आवळतात, व आपल्या जुन्या शिक्षकास घरी मेजवानीला बोलावितात. श्रेष्ठ माणसांस नीतीचे बंधन नसते, असे तो शिक्षक कधीकाळी चमकदारपणे बोलून गेलेला. आपलेच शब्द शिष्यांनी खरे केलेले पाहून तो हादरतो.

त्या शिक्षकाच्या जागी आम्ही स्वतःस पाहिले. ‘साक्षरा’ हा शब्द उलटा वाचला की ‘राक्षसा’ होतो, हे आम्ही वर्गात विनोदाने सांगत असू. मुले हसत, आम्हीही हसत असू. पण एक हुशार मुलगा एका तोतऱ्या मुलाची नक्कल करून त्याला रोज रडवीत असे, तेव्हा आम्ही त्यास रागे भरलो नाही. कारण त्याला संस्कृतात पैकीच्या पैकी गुण असत! सारा वर्ग गप्प राही, आणि सर्वांत गप्प आम्ही. सुदैवाने तो मुलगा पुढे सन्मार्गी निघाला. परंतु त्याचे श्रेय आमचे नव्हे.

हा बोलपट लहान मुलांस दाखवू नये. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसह मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी तो अवश्य पाहावा, आणि संपल्यावर दिवा मालवून निघून न जाता थोडे बोलत बसावे. आम्ही नातवास एवढेच विचारले, “तुझ्या मित्रमंडळीत चुकीच्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणारा कोण आहे?” तो बराच वेळ उगी राहिला. मग म्हणाला, “आजोबा, विचार करून सांगतो.”

त्या उत्तराची आम्ही अजून वाट पाहत आहो.