काचेवरचे काळे ठिपके

दिवाळीच्या रात्री दूर अंधारात एखादा दिवा मिणमिणताना दिसतो. ती जवळची पणती की लांबची गॅसबत्ती, हे नुसते पाहून कसे सांगावे? ताऱ्यांच्या बाबतीत ज्योतिर्विदांना हेच कोडे पडले होते. ते सुटले दुर्बिणीपाशी नव्हे, तर काचा तपासणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर!

हेन्रिएटा लेव्हिट हे त्यांचे नाव. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत त्या तासाला ३० सेंट मजुरीवर काम करीत. पेरू देशात अरेक्विपा येथे वेधशाळेची दुर्बीण होती. तिथे टिपलेल्या आकाशाच्या काचेच्या प्लेटा त्यांच्याकडे येत. प्लेटवर सारा उलटा प्रकार. आकाश पांढरे, तारे काळे! तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा आणि गडद. ठरावीक तेजाचे ठिपके क्रमाने उमटवलेला काचेचा एक चिमुकला तुकडा त्याच्याशेजारी धरायचा, भिंगातून पाहायचे आणि ज्याच्याशी जुळेल ते तेज वहीत मांडायचे.

एका रात्रीची पांढऱ्या ठिपक्यांची प्रत दुसऱ्या रात्रीच्या काळ्या ठिपक्यांवर ठेवली, की जिथे मेळ बसत नाही तिथला तारा बदललेला. अशा रीतीने मॅगेलनच्या दोन मेघांतील १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी बाईंनी १९०८ साली दिली.

१९१२ साली लहान मेघातील २५ ताऱ्यांनी गुपित सांगितले. ज्याच्या तेजाचा चढउतार पुरा व्हायला अधिक दिवस लागतात, तो तारा अधिक तेजस्वी! हे सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारखेच दूर. तेव्हा हा फरक दिसण्यातला नव्हे, खरा. दिवस मोजले की पणती कोणती, गॅसबत्ती कोणती, ते उमगू लागले. १९१३ साली हर्ट्झस्प्रुंग यांनी अशाच जवळच्या ताऱ्यांच्या अंतरांचा अंदाज बांधला आणि विश्वाची मोजपट्टी तयार झाली.

१९२३ साली एडविन हबल यांना देवयानीच्या तेजोमेघात असाच तारा गवसला. त्याच पट्टीने तो मेघ आपल्या आकाशगंगेबाहेरचा ठरला. आज त्याचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

हे पाहायला बाई नव्हत्या. १९२१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. १९२५ साली स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी नोबेल पारितोषिकासाठी नाव सुचविण्याच्या हेतूने त्यांना पत्र धाडले. ते हार्वर्डला पोहोचले तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे उलटली होती, आणि ते पारितोषिक मृतांसाठी सुचविता येत नाही.