इसब, नाडी आणि चिनी वैद्यक

चिनी वैद्य मनगटावर तीन बोटे टेकतो आणि इसबाचे मूळ रक्तात आहे की यकृतात हे तत्क्षणी सांगतो, ही समजूत सुशिक्षितांच्याही तोंडून इतक्या वेळा ऐकावी लागते की तिचा एकदा रीतसर पंचनामा करणे प्राप्त आहे. त्या परंपरेत पाहणे, ऐकणे व हुंगणे, विचारणे आणि स्पर्श अशा चार परीक्षा आहेत. नाडी त्यांतली शेवटची, आणि त्वचारोगात पहिली साक्ष त्वचेचीच. पुरळ लालभडक असून लस वाहते आहे, जिभेवर पिवळा, बुळबुळीत थर आहे, नाडी जलद आहे, अशा साऱ्या जबान्या जुळल्या म्हणजे वैद्य ‘आर्द्र-उष्ण’ असा निर्णय देतो. भूक मंद, शौच सैल, जीभ फिकी व तिच्या कडांवर दातांचे ठसे असतील तर ‘प्लीहादौर्बल्य’. आणि कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागच्या लवणीत वर्षानुवर्षे मुरून त्वचा जाड व कोरडी झाली असेल तर ‘रक्तन्यूनता व वातजन्य रुक्षता’. कॉफी पिऊन आलेल्याच्या जिभेचा थर रंगतो, म्हणून ती न पिता येण्याची ताकीद असते. नाडीनेच सारे उमगत असते, तर या ताकिदीचे प्रयोजन काय?

शिवाय ही नावे रोगाच्या कारणाची नव्हेत, त्या वेळच्या लक्षणसमूहाची आहेत. आज ‘आर्द्र-उष्ण’ ठरलेला रोगी काही महिन्यांनी ‘रुक्ष’ ठरतो आणि त्याचा काढाही बदलतो. येथे ‘प्लीहा’ म्हणजे मुख्यत्वे पचनाचे कार्य. हा शब्द ऐकून पोटाची सोनोग्राफी करून घेणाऱ्यांना हे किती वेळा सांगावे!

‘काढ्यांचा गुण सिद्ध झाला आहे’ हेही खरे नाही: वैद्यकीय चाचण्यांची एकत्रित छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या 2013 च्या समीक्षेत 28 चाचण्या व 2,306 रुग्ण तपासूनही निर्णायक पुरावा हाती लागला नाही. इसब आणि गजकर्ण यांची गल्लतही करू नये: इसब संसर्गजन्य नाही. गजकर्ण संसर्गजन्य आहे, कारण ते बुरशीचे.

आणि ‘वनस्पतींचे मलम, म्हणजे निर्धोक’ असे म्हणणाऱ्यांनी 1999 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला अहवाल अवश्य वाचावा: तपासलेल्या 11 चिनी मलमांपैकी 8 मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. तसले मलम इसब समजून गजकर्णावर चोळले, तर वरची लाली व खाज काही दिवस ओसरते आणि बुरशी मात्र निर्वेधपणे पसरत जाते.